पाद्र्याच्या दारातलं मूल

श्रोतेहो, नमस्कार. आज ब्राझीलला जाऊ या, पण फुटबॉल आणि कॉफी बाजूला ठेवून.

१८३० साली ब्राझीलच्या साम्राज्याने आपली फौजदारी संहिता केली. तिच्यातलं कलम १९८ असं: आईने आपलं नवजात मूल ‘स्वतःची बेअब्रू लपवण्यासाठी’ मारलं, तर एक ते तीन वर्षं सक्तमजुरी. दुसऱ्या कुणी मारलं, तर आधीच्या कलमाने, म्हणजे १९७ ने, तीन ते बारा वर्षं. पुन्हा सांगतो. अब्रूपायी आईने मारलं तर एक ते तीन, दुसऱ्या कुणी मारलं तर तीन ते बारा. कायद्याने सूट दिली ती अब्रूकडे बघून. मग जिला अब्रू असते असंच कुणी मानत नव्हतं, ती गुलाम बाई, ती घरकामाची पोर, तिने कोर्टात काय लपवलं म्हणून सांगायचं?

मारण्याआधी एक वाट असे, मूल कुणाच्या तरी दारात ठेवण्याची. आणि इथे मला माझी आवडती गोष्ट सांगायचीच आहे. मित्र म्हणतात, हा कुठूनही निघाला तरी इथेच पोचतो. पोचतो खरा.

साल १७८४, गाव साओ पावलो. फर्नांदो लोपेस दे कमार्गो नावाच्या पाद्र्याच्या दारात एक तान्हं मूल सापडलं. बाप्तिस्मा झाला. चर्चच्या वहीत नोंद झाली: आईबाप अज्ञात. अज्ञात, बरं का! इतिहासकारांचा तर्क असा, की आई त्याच कमार्गो घराण्यातली. म्हणजे मूल घरातून निघालं आणि घरातच आलं, फक्त उंबऱ्यावरून फिरून. सुईणीला ठाऊक असणार, दूध पाजणारीला ठाऊक असणार, आळीला तर असणारच. पण वहीत ‘अज्ञात’ लागलं आणि घराण्याचं नाव राहिलं.

पोरगं शिकलं, स्वतः पाद्री झालं. दिओगो अंतोनियो फेइझो. कॅथलिक पाद्र्यांना लग्न मना, पण १८२७ साली या गृहस्थाने संसदेत मांडलं, की पाद्र्यांना लग्न करू द्या! का मांडलं असेल, तुम्हीच ताडा. १८३१ मध्ये सम्राट पहिला पेद्रो गादी सोडून युरोपात निघून गेला, मागे पाच वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी फेइझो न्यायमंत्री झाला. ज्या संहितेत ते अब्रूचं कलम, तिचा अंमल बघायला ‘आईबाप अज्ञात’ बसला. १८३५ मध्ये तर तो बालसम्राटाच्या नावाने अख्ख्या देशाचा कारभारी झाला, आणि १८३७ मध्ये राजीनामा देऊन मोकळा. राजीनामा देणारी माणसं मला फार आवडतात. हल्ली खुर्चीला फेविकॉल लावूनच बसतात. असो.

फेइझो जन्मला तेव्हा साओ पावलोत नकोशी मुलं गुपचूप ठेवायचं चक्र नव्हतं, ते आलं १८२५ साली. साल्वादोरला १७२६ पासून, रिओला १७३८ पासून होतं. भिंतीत बसवलेलं लाकडी पिंप. बाहेरून मूल ठेवायचं, फिरवायचं, घंटा वाजवायची, निघून जायचं. ठेवणारीचा चेहरा आतल्याला दिसत नाही. चालवायची सांता कासा द मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था. गोवेकरांना हे नाव नवं नाही, पोर्तुगीज गेले तिथे ती गेली. चक्रातली निम्म्याहून जास्त मुलं मरत. तरी चक्र फिरत राहिलं, साओ पावलोत तर थेट १९५० च्या सुमारापर्यंत.

पुरुषांच्या अब्रूचा हिशेब वेगळाच. बायकोचा खून करून ‘अब्रूचं रक्षण केलं’ म्हणायचं, आणि ज्यूरीने मान डोलवायची. हा युक्तिवाद ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टाने कायमचा बंद केला तो २०२३ साली. हो, २०२३.

बाळ मारणाऱ्या आईच्या कलमातून अब्रू १९४० च्या संहितेने काढली आणि तिथे बाळंतपणातली मनाची अवस्था घातली. शिक्षा दोन ते सहा वर्षं. पण त्याच संहितेत पुढे कलम १३४ आहे. नवजात मूल ‘स्वतःची बेअब्रू लपवण्यासाठी’ टाकून दिलं, तर सहा महिने ते दोन वर्षं. ते अजून पुस्तकात आहे.

नमस्कार.