रडारचं चित्र बिघडलं की आधी सिम्युलेटर

मंडळी, किनाऱ्यावर रडारचं काम करणाऱ्यांच्या तक्रारी मुख्यतः दोन. पडद्यावर चित्रच येत नाही, नाहीतर येतं पण नकाशावर बसत नाही. दोन्ही वेळा हात आधी गेनकडे, म्हणजे संकेत वाढवणाऱ्या बटणाकडे, जातो. तो आवरा. आधी सिम्युलेटर, म्हणजे नेटवर्कवर खोटं रडारचित्र पाठवणारा प्रोग्राम, लावा आणि एकच लक्ष्य ठेवा: अंतर ३ सागरी मैल, दिशा ०९०, वेग शून्य. उत्तर आधीच ठाऊक असलं की चूक लगेच उघडी पडते.

हे लक्ष्यही दिसत नसेल, तर अँटेनाच्या खांबावर चढू नका. दोष खाली नेटवर्कमध्ये आहे. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) माहितीची पॅकेट येताना दिसतात, पण चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळत नाहीत? फायरवॉल बघा. पॅकेटच नाहीत? लॅपटॉपचं वायफाय बंद करा. मल्टिकास्टची (एकच माहिती मागेल त्या सगळ्यांना पाठवण्याची पद्धत) मागणी बऱ्याचदा केबलऐवजी तिकडून गेलेली असते. चित्र चार-पाच मिनिटं झकास चालून गपकन थांबत असेल, तर स्विच तपासा. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कोणाला हवं याची स्विचने ठेवलेली यादी) चालू आणि क्वेरिअर (ते अजून हवं का, हे अधूनमधून विचारणारा) बंद असला की साधारण २६० सेकंदांनी स्विच तुमचं नाव यादीतून काढतो. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं की चालतं, म्हणून दोष उगाच सॉफ्टवेअरच्या माथी जातो. स्विचमध्ये क्वेरिअर चालू करा.

सिम्युलेटरचं लक्ष्य जागेवर, पण खऱ्या रडारचं चित्र वेडंवाकडं? मग अँटेनाकडून येणारे संकेत बघायचे. रडार एका फेरीत अँटेनाची दिशा सांगणारे २०४८ पल्स देतो आणि सॉफ्टवेअरमध्ये ४०९६ भरलेत, तर अख्खी फेरी अर्ध्या वर्तुळात कोंबली जाते. ०९० वरची बोट ०४५ वर दिसते. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याचं टोक आकाराने नीट, पण सगळंच चित्र नकाशावर फिरलेलं असेल, तर दिशेची दुरुस्ती चुकली आहे. १ अंशाची चूक १० किलोमीटरवर जवळपास १७५ मीटर होते. अंतराची चूक ओळखायला जवळचा सरळ धक्का (जेट्टी) घ्या. तो मध्यभागी आपल्याकडे फुगलेला दिसला, तर सॉफ्टवेअर अंतर कमी धरतंय. ट्रिगरचा (पल्स सुटल्याच्या खुणेचा) विलंब बदलून धक्का सरळ करा. १ मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर.

आता रेकॉर्डिंग. इथे हिशेब मांडूनच बसा. एका फेरीत २०४८ रेषा, रेषेवर १०२४ नमुने, नमुन्याला १ बाइट: फेरीला सुमारे २ एमबी. अँटेना मिनिटाला २४ फेऱ्या मारतो, म्हणजे तासाला ३ जीबी, दिवसाला ७२. डिस्कची फाइल साठवायची पद्धत फॅट३२ असेल, तर एका फाइलला असलेल्या ४ जीबीच्या मर्यादेमुळे फाइल ८५ मिनिटांनी अडते. रेकॉर्डिंग रोज त्याच सुमारास तुटतं, याचं कारण हे. डिस्क एनटीएफएस करा, शिवाय दर १५ मिनिटांनी नवी फाइल उघडायला लावा. पावसाळ्यात वीज गेली, तर बंद न झालेली फाइल बहुधा उघडत नाही. नुकसान १५ मिनिटांवर भागलं, तर दिवस वाचतो. यूपीएस हवाच, फक्त संगणकाला नव्हे, स्विचलाही.

आणि पावसाचा फिल्टर रेकॉर्डरच्या आधी कधीच लावू नका. फायबरच्या होडीचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण असतो. सरींसोबत तोही पुसला गेला, तर रिप्लेमध्ये कितीही गेन वाढवला तरी ती होडी परत दिसत नाही. कच्चं चित्र साठवा, फिल्टर बघताना लावा.