जेम्सटाउनचे लोक आळशी होते म्हणे! आधी पाणी बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट फिरून फिरून येतेय: "दादा, नदी शेजारी, जंगल शेजारी, तरी इंग्रज उपाशी मेले? आळशी असणार!" एकाने तर लिहिलंय, "आमच्या गावचे चार गडी पाठवले असते तर वर्षात भात काढला असता." पाठवा की! पण त्यांना प्यायला काय देणार?

सुरुवातीचं पटकन उरकतो. जेम्सटाउन म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्रजांनी वसवलेली वसाहत. मे 1607, तीन जहाजं, 104 पुरुष आणि पोरं. जानेवारी 1608 मध्ये रसद आली तेव्हा जिवंत होते 38. चला पुढे.

जागा कशी निवडली? स्पॅनिश जहाजांची भीती, म्हणून समुद्रापासून आत, नदीत. काठालाच पाणी इतकं खोल की जहाज सरळ झाडाला बांधायचं. जहाजाची सोय झकास! पॉवहाटन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, त्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहत होते, पण नेमक्या त्या जागी कुणाचं गाव नव्हतं. अहो, रिकामी जागा मिळाली तर ती रिकामी का, हे नको विचारायला?

ती भरती-ओहोटीची नदी. मी खाडीकाठचा आहे, मला हे सांगायला नको. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी आटलं की खाडी आत चढते. आमच्या वाडीत मे महिन्यात विहीर मचूळ व्हायची, चहात दूध घातलं की फाटायचं. हे लोक तर थेट नदीचंच पाणी पीत होते. त्यांच्यातला जॉर्ज पर्सी लिहून गेलाय: भरतीला खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. ती घाण वाहून जायची नाही, तिथेच आत-बाहेर करायची.

त्यात दुष्काळ. तिथल्या सायप्रस झाडांच्या खोडातली वलयं मोजली (कोरड्या वर्षी वलय बारीक राहतं), तर 1606 ते 1612 ही जवळपास आठ शतकांतली सर्वांत कोरडी सात वर्षं निघाली. म्हणजे नदी आणखी खारट, आणि स्थानिकांकडेही विकायला मका नाही.

आता सांगा, हगवण लागलेला, तापाने फणफणलेला माणूस कुदळ मारेल? लांबून बघणाऱ्याला तो आळशीच दिसणार!

"पण स्मिथने काम नाही तर जेवण नाही असा नियम केल्यावर बरे सरळ झाले!" हो, वसाहतीचा प्रमुख झालेल्या जॉन स्मिथने केला. रील बनवणारे तेवढंच सांगतात. त्याच स्मिथच्या काळात किल्ल्यात विहीर खणली, गोड्या पाण्याची. हे कुणी सांगत नाही, राग येतो मला! तीस-चाळीस एकर पेरलंही, पण साठवलेला मका उंदरांनी खाल्ला.

1609 च्या हिवाळ्यात स्मिथ इंग्लंडला परतलेला आणि पॉवहाटनांचा वेढा. शिकारीला बाहेर पडलं की बाण. घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचं चामडं, सगळं खाल्लं. तोवर नवी माणसं येऊन सुमारे 300 झाले होते, त्यांतले साठेक उरले. "माणूस खाल्ल्याची गोष्ट खोटी ना?" नाही हो. 2012 मध्ये उत्खननात सुमारे 14 वर्षांच्या मुलीची कवटी सापडली, तिच्यावर सुरीचे घाव आहेत.

जून 1610 मध्ये उरलेले लोक जहाजात बसून निघालेसुद्धा. नदीतच नवा गव्हर्नर डी ला वॉर रसद घेऊन येत असल्याची खबर मिळाली, आणि सगळ्यांना उलटं फिरवलं. त्याच काठावर!

तंबाखूचं विचारणाऱ्यांनो, तो भाग तिथे तंबाखू पिकवणाऱ्या जॉन रॉल्फचा. पुढच्या वेळी.