मागल्या दाराचा परळ

मंडळी, मातीत हात घालायची सवय आपल्याला लहानपणापासूनची. दिवाळीत किल्ला केला, त्यावर अळीव पेरले आणि चार दिवसांत डोंगर हिरवा झाला, हे केलं नाही असं इथे कुणी नसेल. परळात, म्हणजे मातीच्या पसरट भांड्यात, केलेली माझी छोटी बाग त्याच जातीची. फक्त ती दिवाळीनंतर मोडायची नाही, आणि तिच्यातलं सगळं मापात हवं.

माप सोपं. खऱ्या एका फुटाला आपला एक इंच. पाच फुटांचा झोपाळा पाच इंचांचा, तीन फुटांचं वृंदावन तीन इंचांचं. या हिशेबाने पन्नास फुटी माड पन्नास इंचांचा होतो. तो परळात मावायचा कुठे? म्हणून मी नारळी-पोफळीची वाडी करायला जात नाही. घराचं मागलं दार करते. विहीर, धुण्याचा दगड, वृंदावन, एक बाकडं, बास.

वृंदावनाला जांभा घ्या. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. ताजा तुकडा मिळाला तर करवतीच्या पात्यानेही कोनाडा कोरता येतो. त्यात तुळस मात्र खरी लावू नका. तिचं एक पान तिथे वडाच्या पानाएवढं दिसतं. विहिरीच्या ओल्या चिऱ्यांतून मोहरीएवढ्या पानांचं एक रोप उगवतं, त्याची काडी खोचा, रुजते. परळाला तळाशी भोक हवंच, आणि वाळू नदीची. किनाऱ्यावरची खारी वाळू घातलीत तर रोपं जळतील.

बाकड्याला लाकूड पांगाऱ्याचं घेते. हलकं असतं, चाकूला मऊ लागतं. पहिल्या वर्षी मी सगळे सांधे पांढऱ्या डिंकाने चिकटवले. आपल्याकडे कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढ सरेपर्यंत बाकड्याचे चारही पाय सुटे झाले होते. आता बारीक भोक पाडून माडाच्या हिराचा, म्हणजे पातीच्या मधल्या काडीचा, तुकडा खिळ्यासारखा ठोकते आणि वरून उंडीचं तेल चोळते, होडीला चोळतात तसं.

आता विहिरीवरचा रहाट, लोट्यांच्या माळेने पाणी वर काढणारं चाक. तो मी तीन वेळा केला. लोटे सुपारीहून लहान, कुंभाराच्या भट्टीत त्याच्या मडक्यांबरोबर भाजून आणले. दोराला सुंभ उलगडून त्याचा एकच पदर घेतला. दिसायला इतका सुबक झाला की मी तो शेजारच्या आजोबांना दाखवायला नेला. त्यांनी तरुणपणी रहाट हाकलेला. त्यांनी चाक एकदा फिरवलं आणि म्हणाले, "चेडवा, लोटे उलटे बांधलंस. पाणी वर कसा येतला?"

खरंच होतं. वर चढणाऱ्या बाजूला लोट्याचं तोंड वर हवं, माथ्यावर तो कलंडून पन्हळीत ओतायला हवा, आणि उतरताना पालथा. मी लहानपणी त्या रहाटाखाली आंघोळी केल्यात, पण लोटा कुठे कलंडतो ते कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन सगळे सोडले. आजोबांकडे बसून एकेक पुन्हा बांधला. गाठ कशी मारायची तेही त्यांनीच दाखवलं, लोट्याच्या गळ्याला दोन वेढे आणि मग फास.

परळ इथे टेबलावर ठेवलाय. विहिरीत पाणी घातलंय. जवळ या, चाक बोटाने हळू फिरवा. लोटे भरतात.