रेषा नेमकी कुठे आखायची? – रॉकी पर्वताच्या पायथ्याचं वसंतातलं हिमवादळ

(पडद्यावर : कोलोरॅडोचा उठावाचा नकाशा. डावीकडे रॉकी पर्वत, उजवीकडे मैदान.)

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डेन्व्हर शहरात सगळ्यात जास्त बर्फ कुठल्या महिन्यात पडतो? बहुतेक जण डिसेंबर किंवा जानेवारी म्हणतील. अनेक वर्षांची सरासरी काढली तर उत्तर येतं मार्च. झाडांना कळ्या धरायला लागलेल्या असतात, दुपारी लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत असतात, आणि त्याच दुपारी हवामान खातं परवाच्या हिमवादळाचा इशारा देत असतं. एप्रिलमध्येही सुटका नाही. डेन्व्हरजवळच्या बोल्डर शहराच्या पश्चिमेला डोंगरात सिल्व्हर लेक नावाचा तलाव आहे. १९२१ साली १४ आणि १५ एप्रिलला तिथे चोवीस तासांत ७५.८ इंच बर्फ पडला. सव्वासहा फुटांच्या वर!

थंडी सरत आली असताना एवढा बर्फ येतो कुठून? ऐन हिवाळ्यातली हवा फार थंड असते, आणि थंड हवेत फारसं बाष्प मावत नाही. तेव्हा पडणारा बर्फ हलका, भुरभुरीत आणि बेताचा असतो. मार्चमध्ये मात्र वरच्या थरांत हिवाळा अजून ठाण मांडून असतो आणि खाली मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा मैदानांवर परत यायला लागते. ही दोन्ही एकाच दिवशी एकाच ठिकाणी आली, की बर्फाचे आकडे फुटांत मोजावे लागतात.

(पडद्यावर : उपग्रहाची चित्रफीत. पॅसिफिकवरून येणारी ढगांची कमान.)

वादळाची सुरुवात पॅसिफिक महासागरावर होते. वरच्या हवेतली एक लाट कॅलिफोर्नियातून आत शिरते, वाळवंटं ओलांडते आणि युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो ही चार राज्यं जिथे मिळतात त्या भागातून रॉकी पर्वतावर चढते. पलीकडे उतरताना गंमत होते. पर्वतावर चेपलेला हवेचा स्तंभ मैदानाकडे उतरताना ताणला जातो, आणि ताणला गेला की त्याचं फिरणं वाढतं. त्यामुळे पर्वताच्या पूर्वेला, कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यात, कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं.

उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणजे केंद्र आग्नेयेला असेल, तर त्याच्या उत्तरेला असलेल्या डेन्व्हरवर वारा पूर्वेकडून येतो. इथे नकाशा जरा नीट बघायला हवा. कोलोरॅडोचं मैदान डोळ्यांना सपाट दिसतं, पण ते सपाट नाही. कॅन्ससच्या सीमेजवळ उंची साडेतीन-चार हजार फूट, डेन्व्हरला ५,२८० फूट, आणि शहराच्या पश्चिमेच्या पहिल्या टेकड्या सात-आठ हजारांवर. पूर्वेचा वारा शेकडो किलोमीटर नकळत चढ चढत येतो आणि मग डोंगराच्या भिंतीवर आदळतो. चढणारी हवा गार होते, बाष्प गोठतं, बर्फ पडतो. इथले हवामानतज्ज्ञ याला ‘अपस्लोप’ म्हणतात, आणि वसंतातल्या कुठल्याही मोठ्या वादळाबद्दल बोलताना पहिला प्रश्न हाच असतो : अपस्लोप किती खोल, किती वेळ?

कारण सगळा डाव केंद्राच्या जागेवर आहे. केंद्र शंभर किलोमीटर उत्तरेला सरकलं, की वारा डोंगरावरून खाली यायला लागतो, आणि उतरणारी हवा तापते, कोरडी होते. डेन्व्हरवर ढग फाटतात, बर्फ वायोमिंगमध्ये पडतो. केंद्र फार दक्षिणेला गेलं तर प्वेब्लो आणि न्यू मेक्सिकोची सीमा पांढरी होते. पूर्वेला लवकर निसटलं तर बर्फ कॅन्सस-नेब्रास्काचा. आणि ते जागेवर रेंगाळलं, तर मग २००३ सालचा मार्च. त्या वर्षी १७ ते १९ मार्चच्या वादळात डेन्व्हरला ३१.८ इंच बर्फ पडला, पायथ्याच्या टेकड्यांत काही ठिकाणी सात फुटांच्या वर गेला. बर्फ इतका ओला आणि जड होता, की विमानतळाच्या तंबूसारख्या कापडी छताचा एक भाग फाटला. २००२ च्या भीषण दुष्काळानंतर आलेलं हे वादळ होतं, त्यामुळे शिव्या देणारे आणि हात जोडणारे दोन्ही एकाच रस्त्यावर फावडी घेऊन उभे असावेत.

यात एक उलटी गोष्ट आहे. पूर्वेच्या वाऱ्याचं वादळ आलं की व्हेल, स्टीमबोट अशा स्कीइंगच्या नावाजलेल्या गावांना अनेकदा थोडक्यावर समाधान मानावं लागतं. ती गावं जलविभाजकाच्या, म्हणजे नद्यांचं पाणी पूर्व-पश्चिम वाटणाऱ्या पर्वताच्या माथ्याच्या, पश्चिमेला आहेत. त्यांचा बर्फ वायव्येच्या वाऱ्यावर येतो. डेन्व्हरचे रस्ते बंद आणि उंच डोंगरात जेमतेम काही इंच, असंही घडतं.

(पडद्यावर : मॉडेलचे नकाशे एकामागून एक. प्रत्येकात निळा पट्टा वेगळ्या जागी.)

मग हे केंद्र जाणार कुठे, हे आधी कसं कळतं? जगभरातून दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी हवा मोजणारी उपकरणं बांधलेले फुगे सोडले जातात. डेन्व्हरहूनही एक जातो. पण वादळ ज्या समुद्रावर तयार होतं तिथे फुगे सोडायला कुणी नाही. तिथली भिस्त उपग्रहांवर, आणि कधी विमानातून टाकलेल्या उपकरणांवर. सुरुवातीची मोजमापं थोडी चुकली, तर पाच दिवसांनंतरचं चित्र पार बदलतं. म्हणून मॉडेल, म्हणजे पुढच्या हवेचं गणित मांडणारा संगणकाचा प्रोग्रॅम, एकदाच चालवत नाहीत. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम बारीक फरक करून युरोपची हवामान अंदाज संस्था ५१ शक्यता काढते, अमेरिकेची प्रणाली ३१. त्यातल्या बऱ्याचशा एकाच वाटेने गेल्या तर हवामानतज्ज्ञाचा आवाज ठाम होतो. विखुरल्या, तर तो ‘शक्यता आहे’ म्हणून थांबतो.

सात दिवस आधी मोबाइलवर फिरणारा ‘डेन्व्हरला ४० इंच’ असा नकाशा ही या ५१ आणि ३१ मधली बहुधा सगळ्यात रंगतदार शक्यता असते. ती तेवढीच उचलून वाटणं मला लबाडी वाटते. त्यापेक्षा बोल्डरच्या हवामान कार्यालयाचं ‘फोरकास्ट डिस्कशन’ वाचावं. रोज लिहिलं जाणारं हे साधं टिपण आहे, रंग नाहीत, चित्रं नाहीत. पण कुठलं मॉडेल जास्त ओलं वाटतंय, कुठल्या गोष्टीची खात्री नाही, हे ड्यूटीवरचा माणूस त्यात सरळ लिहून टाकतो.

केंद्राची वाट पक्की झाली तरी दुसरी रेषा उरते : पाऊस कुठे, बर्फ कुठे. वसंतात डेन्व्हरचं तापमान गोठणबिंदूच्या दोन-तीन अंश वर-खाली झुलत असतं. खाली येणारा बर्फ वितळतो, पण वितळताना भोवतीच्या हवेतली उष्णता खेचून घेतो. वर्षाव जोरदार असेल, तर बर्फ स्वतःच हवा गार करत करत शून्यावर आणतो, आणि पाऊस तासाभरात बर्फ होतो. वर्षाव रेंगाळत पडला तर हे घडतच नाही. म्हणजे बर्फाचा अंदाज द्यायचा तर आधी वर्षावाच्या जोराचा अंदाज बरोबर यायला हवा. शिवाय उंची आहेच. डेन्व्हरहून दक्षिणेला निघालं की मॉन्युमेंट हिलवर रस्ता ७,३५२ फुटांवर जातो. खाली ओले रस्ते आणि वर तासाभराच्या अंतरावर अडकलेले ट्रक, हे दृश्य तिथे नवं नाही.

इंचांचा हिशेबही फसवा. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ धरतात. वसंतातल्या ओल्या बर्फात तेच प्रमाण सहा-सातवर येतं, थंड भुरभुरीत बर्फात पंधरा-वीसवर जातं. पाण्याचा अंदाज अगदी तंतोतंत उतरला, तरी बर्फाचा आकडा दुपटीने हुकू शकतो.

२०२१ चा मार्च आठवा. दिवसेंदिवस आधीपासून फुटांतले आकडे ऐकू येत होते. वादळाची वेळ मात्र पुढे पुढे सरकत गेली. शनिवारी, १३ तारखेला, दिवसभर डेन्व्हरमध्ये फारसं काही घडलं नाही आणि अंदाजाची टिंगल सुरू झाली. रविवारी विमानतळाच्या धावपट्ट्या बंद झाल्या. हिशेब झाला तेव्हा डेन्व्हरला २७.१ इंच होते आणि वायोमिंगमधल्या शायेनला ३०.८ इंच, त्या शहराच्या नोंदींतलं सगळ्यात मोठं वादळ. एकूण बर्फ बरोबर सांगितला होता, घड्याळ चुकलं होतं. शनिवारी दुकान बंद ठेवणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटणार नाही.

(पडद्यावर : मैदान. कुंपणाचे खांब, आडवा उडणारा बर्फ. आवाज फक्त वाऱ्याचा.)

मैदानात गोष्ट वेगळी. तिथे चार इंच बर्फही पुरतो, वारा असला की. अमेरिकेत ‘ब्लिझर्ड’चा इशारा देताना किती इंच पडेल हे बघतच नाहीत. ताशी ३५ मैलांचा किंवा त्याहून जोराचा वारा, पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, आणि हे निदान तीन तास. आडवायला झाड नाही, टेकडी नाही.

१३ मार्च २०१९. सकाळी डेन्व्हरमध्ये पाऊस होता, दुपारी समोरचं दिसेना. कोलोरॅडोच्या आग्नेयेला लामारजवळ समुद्रसपाटीच्या हिशेबात दाब ९७० मिलिबारच्या आसपास उतरला. राज्याच्या नोंदींत इतका कमी दाब कधी नव्हता. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या विमानतळावर ताशी ९६ मैलांचा झोत मोजला गेला, डेन्व्हरच्या विमानतळावर ८०. महामार्गांवर शेकडो गाड्या अडकल्या. त्याच वादळाच्या पूर्वेकडच्या अंगाला बर्फ नव्हता, पाऊस होता, आणि तो नेब्रास्काच्या गोठलेल्या जमिनीवर पडला. पाणी मुरायला जागा नाही. १४ मार्चला नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं.

अशा वादळात गुरं पाळणाऱ्यांना इंचांपेक्षा वाऱ्याची दिशा आधी हवी असते. मार्च हा वासरं जन्मण्याचा काळ. वारा उत्तरेचा राहणार की पहाटे वायव्येचा होणार, यावर कळप कुठल्या आडोशाला न्यायचा ते ठरतं, आणि न्यायला दिवसभर लागतो. म्हणून ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांतलं अंतर त्यांच्या कामाचं : पहिला इशारा दोन-तीन दिवस आधी, निम्म्या खात्रीवर, दुसरा वादळ दारात आल्यावर. रस्त्यांचं तसंच. आंतरराज्य महामार्गांवर रेल्वे फाटकासारखे आडवे दांडे बसवलेले आहेत. ते उशिरा पाडले तर गाड्या उघड्या मैदानात अडकतात, म्हणून कधी कधी आकाश अजून बरं दिसत असतानाच रस्ता बंद होतो आणि चालक वैतागतात.

(पडद्यावर : दुसऱ्या दिवशीची सकाळ. पांढरी फळी, पट्टी, नळकांडं.)

वादळ गेल्यावर मोजणी. कुंपणाच्या एका बाजूला गवत उघडं, दुसऱ्या बाजूला छातीएवढा ढीग. मग खरा आकडा कुठला? बऱ्याच ठिकाणी पट्टी खुपसून सरासरी काढतात. फोर्ट कॉलिन्सच्या १९९७ मधल्या पुरानंतर, १९९८ साली, कोलोरॅडो राज्य विद्यापीठातून घरोघरच्या स्वयंसेवकांचं एक जाळं सुरू झालं. त्याचं नाव कोकोराझ. त्यातले लोक चार इंच व्यासाचं नळकांडं उलटं धरून, बर्फ साचायला ठेवलेल्या फळीवरचा बर्फ कापून घेतात. घरात आणून त्यात मोजून कोमट पाणी ओततात, बर्फ वितळला की एकूण पाणी मोजतात आणि ओतलेलं वजा करतात. उरतं ते वादळाचं पाणी. सकाळी सातच्या सुमारास हा आकडा नोंदवला जातो, आणि मॉडेलने रेषा कुठे आखली होती, ती प्रत्यक्षात कुठे पडली, हे त्यावरून गल्लीपर्यंत तपासता येतं.