आधी दारू की आधी डिप्रेशन? (निवेदन)

[टेबलावर दोन हात, पाण्याचा ग्लास]

हे हात बघा. फक्त ग्लास उचलायचाय, पण एका हाताने जमेना म्हणून दुसरा हात खाली लावलाय. दारू थांबवून आज दुसरा दिवस. चेहरा दाखवायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे पूर्ण व्हिडिओत तुम्हाला हातच दिसतील.

हा माणूस दारूसाठी आलाच नव्हता. तो आला डिप्रेशनचा पेशंट म्हणून. झोप नाही, कशात मन नाही, गोळ्या चालू, डोस वाढवला, गोळी बदलली तरी जैसे थे, आणि या सगळ्यात किती पिता हे कोणी बसून विचारलंच नाही. विचारलं तेव्हा तो म्हणाला "कधीमधी", समोरच्याने ते लिहून घेतलं आणि विषय संपला. या "कधीमधी"ने किती केसपेपर वाया घालवले असतील देव जाणे.

[छापील फॉर्म, पेन]

हा ऑडिट नावाचा फॉर्म, जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला. १० प्रश्न, जास्तीत जास्त मार्क ४०, आणि ८ किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याकडे सरकलंय असं धरतात. पाच मिनिटांचं काम आहे. मनाच्या आजारासाठी येणाऱ्या प्रत्येकाला हा का देत नाहीत ते मला अजून कळलेलं नाही.

बघा, सहाव्या प्रश्नाशी पेन थांबलं. सकाळी उतारा लागतो का, असा तो प्रश्न आहे.

[कोरा कागद, आडवी रेघ]

आता ही रेघ. मला विचाराल तर अख्ख्या शूटिंगमधला सगळ्यात भारी भाग हाच. डॉक्टर रेघेच्या वर पिण्याची वर्षं मांडतात आणि खाली मनाची. तारखा कोणाला आठवत नसतात, म्हणून खुंट्या शोधायच्या, पहिली नोकरी कधी, लग्न कधी, वडील गेले कधी, तेव्हा पीत होतात का, तेव्हा झोप लागायची का. असं करत करत एक रिकामी जागा सापडते, इथे बोट ठेवलंय बघा, ऑपरेशनमुळे चार महिने एक थेंब घेतला नव्हता. त्या चार महिन्यांत मन कसं होतं? सगळं या एका उत्तरावर अडलेलं असतं.

कारण दारू स्वतःच डिप्रेशन तयार करू शकते. ती मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाला जोर देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते, रोज असं झालं की मेंदू उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो, मग दारू उतरली की उरते ती धडधड, भीती, पहाटे उघडणारे डोळे. १९८८ च्या एका अभ्यासात व्यसनासाठी ॲडमिट झालेल्या पुरुषांपैकी ४२ टक्क्यांमध्ये उपचार लागावेत इतकी उदासी दिसली, चार आठवडे दारू बंद ठेवल्यावर तीच ६ टक्क्यांवर आली. म्हणून डॉक्टर साधारण महिनाभर थांबून बघतात.

पण याचं उत्तर उलटं आलं. "तेव्हा तर जास्तच वाईट होतं," असं म्हणाला. म्हणजे डिप्रेशन याचं स्वतःचं आहे, आणि दारू त्याच्यावरचा घरगुती उपाय होता जो अंगाशी आला. अशा पेशंटला "आधी दारू सोड मग बघू" म्हणून परत पाठवणं मला तरी पटत नाही. २०१० मध्ये दोन्ही आजार असलेल्या १७० जणांवर १४ आठवडे अभ्यास झाला, त्यात डिप्रेशनची सर्ट्रालिन आणि दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन एकत्र घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक दारूपासून लांब राहिले, एकच गोळी घेणाऱ्यांत हा आकडा जेमतेम पाव होता.

[सलाईन, इंजेक्शन]

हे थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन, दारू थांबवताना देतात. रोज जास्त पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. आणि दोन्ही आजार एकत्र असले की आत्महत्येचा धोका वाढतो, तो प्रश्नही इथे रोज विचारला जातो.

[खिडकी, सकाळ]

अठ्ठाविसावा दिवस. उदासी मोजायचा वेगळा फॉर्म परत भरलाय, मार्क उतरलेत पण अजून बरेच आहेत, त्यामुळे दोन्ही गोळ्या चालू राहणार. लिव्हरचे रिपोर्ट आधीच बघून घेतलेत.

[झेरॉक्स मशीन]

तो रेघेचा कागद त्याला घरी न्यायचाय, बायकोला दाखवायला. मूळ कागद फाईलला लागतो म्हणून झेरॉक्स काढतायत. पहिली कॉपी फिकी आली, परत काढली.