तपकिरीच्या डबीची झाकणं

चित्र नंतर, आधी नुसता आवाज ऐका. पत्र्यावर बारीक पाऊस पडतोय असं वाटतंय ना? पाऊस नाहीये. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत निलगिरीच्या झाडांमधल्या मैदानावर एक मुलगी नाचतेय आणि तिच्या ड्रेसवर ओळीनं टाचलेले पत्र्याचे शंकू एकमेकांवर आपटतायत. याला म्हणतात जिंगल ड्रेस. शंकू जरा जवळून बघा, पत्र्याची गोल चकती गुंडाळून केलेली सुरळी आहे, बाकी काही नाही. आता हे शंकू तयार विकत मिळतात, पण पूर्वी ती चकती म्हणजे तपकिरीच्या डबीचं झाकण असायची. तपकीर म्हणजे आपल्याकडची नाकात ओढायची नाही हं, तिकडची ओठात दाबायची.

हा नाच ओजिब्वे लोकांचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीचा. त्यांच्यात गोष्ट सांगतात की एका बापाची पोर खूप आजारी पडली, त्याला स्वप्नात हा ड्रेस आणि हा नाच दिसला, त्यानं ड्रेस शिवून पोरीला घातला, पहिल्या फेरीला तिला धरून न्यावं लागलं आणि शेवटी ती स्वतःच्या पायांवर नाचायला लागली. काळ साधारण १९१८-१९ चा, म्हणजे फ्लूच्या साथीचा. तीच साथ जिला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे, घरात कुणी जुनं माणूस असेल तर विचारा. म्हणून हा नाच म्हणजे त्यांच्यासाठी औषध. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा कितीतरी जणींनी आपापल्या अंगणात, रस्त्यावर हाच नाच केला आणि व्हिडिओ ऑनलाइन टाकले.

तर आपण आलोय स्टॅनफर्डच्या पाववावला, म्हणजे मूळनिवासी लोकांच्या नाच-गाण्याच्या मेळाव्याला. (नावात पाव आहे पण त्याचा खाण्याशी संबंध नाही, खाण्याकडे येतोच.) १९७१ पासून मे महिन्यात मदर्स डेच्या वीकेंडला होतो आणि सगळं चालवतात मूळनिवासी विद्यार्थी, म्हणजे तंबू, पार्किंग, ढोलवाल्यांना आमंत्रणं, पैसे जमवणं, सगळं. आणि हे ऐन क्लासेस चालू असताना.

१९७१ हे साल लक्षात ठेवा, कारण तेव्हा याच युनिव्हर्सिटीच्या टीमचं नाव होतं 'इंडियन्स' (आपण नाही, तिकडचे मूळनिवासी) आणि मॅचला पिसांचा टोप घातलेला मॅस्कॉट नाचायचा. मूठभर मूळनिवासी विद्यार्थी आणि स्टाफनं अर्ज केला, भांडले, आणि १९७२ मध्ये ते नाव गेलं. त्याआधी पन्नास वर्षं, १९२१ मध्ये, सरकारी खात्यानं परिपत्रक काढून यांच्या नाचांवरच बंधनं आणली होती. म्हणजे त्यांनी स्वतः नाचायचं नाही, पण स्टेडियमवर त्यांच्या नावानं नाच चालेल!

युनिव्हर्सिटीत 'वेलबीइंग' म्हटलं की कसं असतं तुम्हाला माहितीये, भिंतीवर पोस्टर आणि खाली एक फोन नंबर. त्याची गरज नाही असं मी म्हणत नाही. पण जिथं अर्धं गाव नात्यातलं आहे तिथून उठून आलेल्या पोराला हजारो विद्यार्थ्यांत आपल्यासारखे चार दिसतात, त्याला त्या पोस्टरपेक्षा हा ढोल जास्त कामाचा असं मला तरी वाटतं. एकच मोठा ढोल, भोवती सात-आठ जण बसून वाजवतात आणि गातात, जवळ उभं राहिलं की छातीत जाणवतो.

आता खाणं. हा फ्राय ब्रेड, दिसायला थेट आपला भटुरा. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं नवाहो या मूळनिवासी जमातीच्या लोकांना घरादारातून उठवून शेकडो मैल चालवत नेलं आणि छावणीत रेशन दिलं मैदा आणि चरबी, त्यातून हा आला असं सांगतात. त्यामुळे यावर त्यांच्यातच वाद आहे. कुणासाठी ही आजीच्या हातची चव, कुणी म्हणतं डायबिटीस घरोघर शिरलाय, आता बास करा. रांग मात्र मोठी आहे.

एक गोष्ट तुम्हाला दिसणार नाही. नाचताना कुणाच्या पोशाखातलं गरुडाचं पीस खाली पडलं की ढोल थांबतो, लोक उठून उभे राहतात, ते पीस मानानं उचललं जातं आणि माइकवरून सांगतात, कॅमेरे खाली. सांगितलं की ठेवायचे. म्हणून आता थोडा वेळ स्क्रीन काळी राहील.