लिम्फोमा आणि इम्युनोथेरपी: कुणाला, कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम. आपल्याकडे आधी टीबीची शंका येते, आणि ती रास्तच असते. पण बायोप्सीशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, की महिने हातचे जातात.

निदान झालं की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, इम्युनोथेरपी कधी देणार?" इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेला कॅन्सरविरुद्ध लढवणारा उपचार. गंमत म्हणजे पुष्कळदा ती केमोच्या पहिल्याच सायकलला सुरू झालेली असते. बी पेशी या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी; त्यांच्या लिम्फोमात पेशीवर सीडी-२० नावाचं प्रथिन असतं. रिटुक्सिमॅब हे औषध त्याला चिकटतं आणि शरीराचीच यंत्रणा त्या पेशीचा फडशा पाडते. अमेरिकेत या औषधाला १९९७ साली मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने देशी आवृत्ती आणली आणि किंमत हळूहळू आवाक्यात आली. हॉजकिन हा लिम्फोमाचा एक प्रकार उलटला तर निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही वेगळ्या जातीची औषधं कामी येतात. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांचा मात्र यातल्या कशाशीही संबंध नाही.

सध्या बोलबाला आहे तो कार-टी पेशींचा, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, कॅन्सर ओळखायला शिकवून परत देण्याचा. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉ. गौरव नरुला यांच्या चमूंनी घडवलेल्या नेक्सकार-१९ या देशी कार-टी उपचारपद्धतीला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. ४ एप्रिल २०२४ला पवईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचं लोकार्पण केलं. चाचण्यांत तपासलेल्या पेशंटांपैकी सुमारे ७३ टक्क्यांमध्ये आजाराने माघार घेतली. काहींचा पुन्हा उलटला, हेही खरं. परदेशात हा उपचार तीन-चार कोटींना पडतो, इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरी रक्कम लाखांतच, आणि ती सामान्य घराला झेपणारी नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

कार-टीमध्ये प्रत्यक्ष काय होतं? पेशंट काही तास खुर्चीत किंवा पलंगावर पडून असतो. रक्त यंत्रात जातं, टी पेशी वेगळ्या काढल्या जातात, बाकीचं रक्त परत येतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर घाबरू नका. कॅल्शियम दिलं की थांबतात. प्रयोगशाळेत या पेशींना कॅन्सरच्या पेशीवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा जीन देतात, त्यांची संख्या वाढवतात. मग थोडी केमो, आणि या पेशींची एक छोटीशी पिशवी सलाइनसारखी चढते. मोठ्या ऑपरेशनची तयारी करून आलेले नातेवाईक "एवढंच?" म्हणतात. खरी कसोटी पुढच्या दिवसांत असते: जोराचा ताप, रक्तदाब उतरणं, कधी बोलण्यात गोंधळ. म्हणून ही गोष्ट अनुभवी केंद्रातच करावी. नंतरही बराच काळ जंतुसंसर्गापासून जपावं लागतं.

कार-टी हा पहिला उपचार नव्हे. केमो आणि रिटुक्सिमॅबने अनेकांचा लिम्फोमा पूर्ण बरा होतो. आजार दाद देईना किंवा उलटला, तर कार-टीचा विचार करायचा. मात्र पेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि तोवर आजार काबूत ठेवावा लागतो. त्यामुळे आजार उलटल्याचं कळताच, अंगात ताकद शिल्लक असताना, कार-टी करणाऱ्या केंद्राचा सल्ला घ्या. जाताना नुसती फाइल नेऊ नका, बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या.

नमस्कार.